तीच रांजणवाडी, पुन्हा त्याच जागी

पापणीवरची गाठ काढली, तपासायला पाठवली आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात आला. त्यावर लिहिलंय, ‘सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा’. घरातलं कुणीतरी मोबाईल उघडून ‘पापणीचा कॅन्सर’ शोधतं. तिथे वाचायला मिळतं की पापणीचे ८० ते ९० टक्के कॅन्सर ‘बेसल सेल’ जातीचे असतात, सावकाश वाढतात आणि शरीरात सहसा पसरत नाहीत. सिबेशियस, म्हणजे तेलग्रंथीचा कॅन्सर, मात्र दुर्मीळ, शंभरात एक ते पाच. मग हा दुर्मीळ प्रकार नेमका आपल्याच आईच्या वाट्याला कसा आला? की लॅबवाल्यांनी घोळ घातला?

बहुतेक वेळा लॅबचा घोळ नसतो. मोबाईलवरची माहितीही खोटी नसते, पण ती गोऱ्या कातडीच्या देशांतली असते. भारतातल्या काही मोठ्या नेत्ररुग्णालयांत हा क्रम चक्क उलटा दिसतो. आणि इथे पहिल्या नंबरावर असलेला कॅन्सर दिसायला अगदी रांजणवाडीसारखा असतो, म्हणून हा विषय डॉक्टरांपुरता सोडून चालत नाही.

## दोन मिलिमीटरात किती गर्दी

पापणीच्या कडेची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. बाहेरून शरीरातली सगळ्यांत पातळ कातडी, एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्याखाली डोळा मिटणारा स्नायू. त्याच्या मागे पापणीला आकार देणारी घट्ट पट्टी आणि सगळ्यांत आत डोळ्यावरून फिरणारं गुलाबी अस्तर. त्या पट्टीत उभ्या रांगेने तेलग्रंथी बसवलेल्या असतात, वरच्या पापणीत २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०. १६६६ साली हाइनरिश मायबोम या जर्मन डॉक्टराने त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. त्यांतून झिरपणारं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं आणि डोळा लवकर सुकत नाही. याशिवाय पापणीच्या केसांच्या मुळाशी आणखी छोट्या तेलग्रंथी आणि घामाच्या ग्रंथी असतात.

कातडी, तेल, घाम, केस, रंगपेशी, रक्तवाहिन्या, नसा हे सगळं एवढ्याशा जागेत. यातल्या कशाचीही गाठ होऊ शकते, त्यामुळे पापणीच्या गाठींची यादी लांबलचक आहे. इथे दोनच शब्द पक्के करून घेऊ. जी गाठ आजूबाजूचा भाग पोखरत नाही आणि दुसरीकडे जात नाही, ती साधी गाठ. रिपोर्टमध्ये तिला ‘बिनाइन’ म्हणतात. जी पोखरते आणि पसरू शकते ती कॅन्सरची, म्हणजे ‘मॅलिग्नंट’.

## रांजणवाडी मुळात ट्यूमर नाहीच

केसाच्या मुळाशी जंतुसंसर्ग होऊन लाल, ठणकणारी पुळी येते ती रांजणवाडी. लवंग उगाळून लावा किंवा नुसता गरम शेक द्या, ती बहुधा आठवड्याभरात फुटते किंवा जिरते. (शेकाचा उपयोग नक्की होतो. लवंगेबद्दल एवढंच म्हणेन की ती डोळ्यात गेली तर चांगलीच झोंबते.)

दुसरा प्रकार न दुखणाऱ्या गाठीचा. मायबोमियन ग्रंथीचं तोंड बुजतं, आत तेल साचतं, त्याभोवती सूज धरते आणि पापणीत वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागते. याला डॉक्टर ‘कॅलेझिऑन’ म्हणतात, पण घराघरांत तीही रांजणवाडीच. ही गाठ शेकाने काही आठवड्यांत उतरते. नाहीच उतरली तर पापणी उलटवून आतून छोटी चीर देतात आणि गाठ खरवडून काढतात. यातही नव्या पेशींची वाढ नसते, साचलेला माल आणि सूज एवढंच. ही गाठ नीट ओळखून ठेवा, कारण पुढे येणारा कॅन्सर हिचंच सोंग घेतो.

## साध्या गाठी, आणि ‘साधी’ म्हणजे किती साधी

स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या डॉक्टरांनी पापणीच्या ५,५०४ गाठींचे नमुने अभ्यासले आणि २००९ साली निष्कर्ष मांडले. त्यांतल्या ८४ टक्के गाठी साध्या निघाल्या, १६ टक्के कॅन्सरच्या. त्यातही हे नमुने कापून लॅबमध्ये पाठवलेल्या गाठींचे होते. जे तीळ आणि मस लोक जन्मभर बाळगतात आणि कुणाला दाखवतही नाहीत, ते या हिशेबात नाहीत. म्हणजे आरशात दिसणारी गाठ साधी असण्याची शक्यता ८४ टक्क्यांहूनही जास्तच.

त्या यादीत वरच्या तीन जागा अगदी ओळखीच्या गाठींना मिळाल्या. पॅपिलोमा, म्हणजे देठावर लोंबणारा मस. सेबोऱ्हिक केराटोसिस, म्हणजे उतारवयात येणारा, वरून चिकटवल्यासारखा दिसणारा तपकिरी खडबडीत चट्टा. आणि तीळ. त्यानंतर घामाच्या ग्रंथीची पाण्याने भरलेली, जवळजवळ पारदर्शक पुळी.

तिळाचा एक प्रकार मला भारी वाटतो. काही जणांना वरच्या आणि खालच्या पापणीवर समोरासमोर अर्धा अर्धा तीळ असतो आणि डोळा मिटला की दोन्ही जुळून एक होतो. गर्भात काही महिने दोन्ही पापण्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. तीळ त्या काळात तयार होतो आणि पापण्या सुटताना त्याचे दोन भाग होतात.

पण साध्या गाठीकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, असा अर्थ कुणी काढू नये. पापणीच्या आतल्या कोपऱ्याकडे येणारे पिवळसर चपटे डाग, म्हणजे झँथेलाझ्मा, डोळ्याला काहीही करत नाहीत. पण ते असलेल्या जवळपास निम्म्या लोकांच्या रक्तात चरबी वाढलेली सापडते. कोपेनहेगनमध्ये १२,७४५ लोकांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्या अभ्यासात हे डाग असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका जास्त दिसला, कोलेस्टेरॉलचा आकडा हिशेबात धरल्यानंतरसुद्धा. डाग काढायला ब्यूटी पार्लर गाठण्याआधी रक्त तपासून घ्यावं ते यासाठी.

तान्ह्या बाळाच्या पापणीवर रक्तवाहिन्यांची लाल गाठ येते, तिचीही गोष्ट तशीच. ती कॅन्सर नसते आणि पुढे बहुधा आपोआप ओसरते, म्हणून आजी सांगते, ‘जाईल हळूहळू’. अंगावर इतरत्र असती तर आजीचं खरं होतं. पापणीवर मात्र ती बुबुळावर दाब देते किंवा नजर झाकते, आणि पहिल्या काही वर्षांत ज्या डोळ्याला नीट दिसलं नाही तो ‘आळशी’ राहतो. २००८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की रक्तदाबाचं जुनं औषध प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर अशा गाठी झपाट्याने आक्रसतात. तेव्हापासून बऱ्याच बाळांची ऑपरेशनं टळली. हे औषध बालरोगतज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय मात्र द्यायचं नसतं.

## कॅन्सर निघालाच, तर कोणता?

मुख्य नावं चार. बेसल सेल कार्सिनोमा कातडीच्या तळाच्या थरातून उगवतो. १८२७ साली डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी त्याचं पहिलं नीट वर्णन केलं तेच पापणीवरच्या एका विचित्र, न भरणाऱ्या जखमेचं होतं. हा निम्म्याहून अधिक वेळा खालच्या पापणीवर येतो. कडा थोडी उंच आणि मोतिया चकाकीची, मध्ये खड्डा, अधूनमधून खपली आणि रक्त. तो दूर पसरणं फार क्वचित घडतं, पण जागच्या जागी पोखरत जातो. नाकाकडच्या कोपऱ्यात असेल तर डोळ्याच्या खोबणीत शिरायलाही मागेपुढे पाहत नाही. आपल्या सावळ्या कातडीवर तो बऱ्याचदा काळपट दिसतो आणि तीळ म्हणून खपून जातो.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमा कातडीच्या वरच्या थरातला. हा खडबडीत असतो, भराभर वाढतो आणि लसिकाग्रंथींत, म्हणजे कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींत, जाऊ शकतो. मेलॅनोमा आणि मर्केल सेल कार्सिनोमा हे दोघे घातक खरे, पण पापणीवर फारच क्वचित दिसतात. त्यांच्यावर इथे जास्त बोलत नाही.

राहिला सिबेशियस ग्लँड कार्सिनोमा, म्हणजे तेलग्रंथीचा कॅन्सर. तेलग्रंथी वरच्या पापणीत जास्त, म्हणून हाही तिथेच जास्त. सहसा पन्नाशी-साठीच्या पुढे, आणि बायकांमध्ये थोडा अधिक. गाठ पिवळसर, टणक, न दुखणारी असते, म्हणजे हुबेहूब कॅलेझिऑन. कधी कधी तर गाठच नसते. एका डोळ्याची पापणी नुसती लाल आणि जाड राहते, डोळे आल्याचं समजून महिनोन्‌महिने थेंब घातले जातात आणि लाली काही जात नाही.

त्याची वाढायची तऱ्हा शेतकऱ्याला लगेच समजेल, कारण ती हरळीची तऱ्हा आहे. वर दिसणारा झुपका उपटला म्हणून हरळी जात नाही. ती जमिनीलगत सरकत राहते, मधली जागा मोकळी ठेवते आणि चार हातांवर पुन्हा डोकं काढते. हा कॅन्सरही पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरात पेशी पेशीने पसरतो, आणि काही वेळा दोन-तीन ठिकाणी वेगवेगळा उगवतो. म्हणून गाठीबरोबरच डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या अस्तराचे ठिकठिकाणचे छोटे नमुनेही घ्यावे लागतात.

## टक्केवारी उलटी का?

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने २०१९ साली पापणीच्या कॅन्सरच्या ५३६ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात तेलग्रंथीचा कॅन्सर ५३ टक्के, बेसल सेल २४ टक्के आणि स्क्वॅमस सेल १८ टक्के. लोझानच्या त्या यादीतले कॅन्सर बघितले तर बेसल सेल ८६ टक्के, स्क्वॅमस ७ आणि तेलग्रंथीचा ३. नांदेडच्या माणसाला पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ, त्यामुळे मोबाईलवरच्या युरोपातल्या आकड्यांपेक्षा हे हैदराबादचे आकडे त्याच्या कामाचे.

हे वाचून ‘भारतीयांना हा कॅन्सर युरोपियनांच्या कितीतरी पट होतो’ असा निष्कर्ष निघतोसा वाटतो. पण टक्केवारी म्हणजे नुसता वाटा. समजा एका देशात वर्षाला बेसल सेलचे १०० रुग्ण आणि तेलग्रंथीचे ५. दुसऱ्या, तेवढ्याच लोकसंख्येच्या देशात बेसल सेलचे ५ आणि तेलग्रंथीचेही ५. पहिल्या देशात तेलग्रंथीच्या कॅन्सरचा वाटा पाच टक्क्यांच्या आत आणि दुसऱ्यात थेट ५० टक्के, पण रुग्ण दोन्हीकडे पाचच. आपल्याकडे बरंचसं असंच घडतं. बेसल सेलचं मोठं कारण ऊन, आणि कातडीला सावळा रंग देणारं मेलॅनिन त्याला बऱ्यापैकी अडवतं. बेसल सेल कमी झाला की उरलेल्यांचा वाटा आपोआप फुगतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. मोठ्या संस्थेकडे अवघड रुग्ण चारी बाजूंनी पाठवले जातात. छोट्या गावातच काढून टाकलेली गाठ तिच्या नोंदीत येत नाही. सिंगापूरमध्ये अख्ख्या देशाची कॅन्सर-नोंदणी आहे. १९६८ ते १९९५ या काळातल्या तिथल्या नोंदींत पापणीच्या कॅन्सरपैकी ८४ टक्के बेसल सेल होते आणि तेलग्रंथीचे १० टक्के. म्हणजे ‘आशियात हाच कॅन्सर जास्त’ असं सरसकट बोलण्यातही अर्थ नाही. कुठल्या लोकांची मोजणी केली आणि कुठे बसून केली, यावर बरंच ठरतं.

तरीही समोर बसलेल्या रुग्णापुरता या सगळ्याचा अर्थ साधा आहे. भारतीय माणसाच्या पापणीवरची गाठ कॅन्सरची ठरलीच, तर ती ‘न पसरणाऱ्या’ जातीची असेल असं गृहीत धरता येत नाही.

## मग काय, प्रत्येक रांजणवाडीची बायोप्सी करायची?

छे! विशीतल्या पोराला परीक्षेच्या तोंडावर आलेली, ठणकणारी, चार दिवसांत फुटलेली पुळी ही पुळीच असते. शंका घ्यायची ती चाळिशी-पन्नाशीनंतर आलेल्या आणि हट्टाला पेटलेल्या गाठीची. एकदा खरवडून काढली आणि पुन्हा त्याच जागी आली. गाठीवरचे पापणीचे केस झडले. पापणीची सरळ कड खडबडीत झाली किंवा तिला खाच पडली. खपली धरते, रक्त येतं, भरत नाही. किंवा एकाच डोळ्याची लाली औषधांना दाद देत नाही. दोन्ही डोळ्यांना एकदम कॅन्सर होणं विरळा, म्हणून हा ‘एकाच’ शब्द महत्त्वाचा.

केस झडणं यातलं सगळ्यांत बोलकं लक्षण, आणि ते शोधायला यंत्र लागत नाही. साधी गाठ केसांना बाजूला सारते, कॅन्सर त्यांची मुळंच खातो.

दुखत नाही म्हणजे काळजी नाही, असं आपल्याकडे फार मानतात. इथे हिशेब उलटा. ठणकणारी पुळी बहुधा जंतूंची असते. हा कॅन्सर सुरुवातीला मुळीच दुखत नाही.

परत आलेली गाठ दुसऱ्यांदा काढताना डॉक्टरांना एवढंच विचारा, ‘हे तपासायला पाठवणार ना?’ खरवडलेला माल अनेकदा थेट कचऱ्याच्या डब्यात जातो. तरुण माणसाच्या पहिल्या गाठीबाबत ते चालून जातं, साठीतल्या माणसाच्या दुसऱ्या गाठीबाबत नाही.

## ‘सुरी लावली की कॅन्सर पसरतो’

ही भीती खेड्यात आहे तशी शहरातही. पापणीच्या गाठीचा तुकडा घेतल्याने कॅन्सर शरीरभर उधळतो, असं होत नाही. मग अशी समजूत का पडली? तपासणीलाच माणूस उशिरा येतो, तोवर रोग पुढे गेलेला असतो आणि दोष सुरीच्या माथी जातो. खरं नुकसान होतं ते कॅन्सरला कॅलेझिऑन समजून दोन-तीनदा खरवडण्यात वर्ष घालवल्याने.

सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा हा कॅन्सर स्क्वॅमस किंवा बेसल सेल म्हणून चुकीचा वाचला जाऊ शकतो. त्याची खूण म्हणजे पेशींतले तेलाचे थेंब, आणि नमुना नेहमीच्या पद्धतीने तयार करताना वापरलेल्या अल्कोहोलमध्ये ते विरघळून जातात. त्यामुळे सर्जनने कागदावर ‘सिबेशियस असावा’ अशी शंका लिहिली, तर पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये नमुना वाचणारा डॉक्टर, खास रंग वापरून शोधू शकतो. शंका वाटत असेल तर त्याच काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून वाचून घेण्यात काहीच वावगं नाही. पुन्हा कापावं लागत नाही.

## ‘डोळा काढतील’

सुरुवातीच्या टप्प्यात नाही. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी चांगली दिसणारी कातडी काढतात, बेसल सेलसाठी तीन-चार मिलिमीटर, तेलग्रंथीच्या कॅन्सरसाठी साधारण पाच. पापणीवर मिलिमीटरसुद्धा मोलाचा, म्हणून अनेक ठिकाणी रुग्ण टेबलावर असतानाच कडा गोठवून तपासतात आणि कॅन्सरच्या पेशी उरलेल्या नाहीत याची खात्री झाल्यावरच पुढे जातात.

भोक बुजवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. पापणीचा चौथा ते तिसरा हिस्सा गेला तर उरलेल्या कडा ओढून थेट शिवता येतात, उतारवयातल्या सैल कातडीचा इथे फायदा होतो. त्याहून जास्त गेला तर एका पापणीचा थर दुसरीला उसना देतात. त्यासाठी डोळा काही आठवडे शिवून बंद ठेवावा लागतो आणि नंतर तो पूल कापून मोकळा करतात. हे काम ऑक्युलोप्लास्टी सर्जनचं, म्हणजे पापण्यांच्या ऑपरेशनांत तरबेज नेत्रतज्ज्ञाचं. ते बंद आठवडे घरच्यांना फार लांबलचक वाटतात, तेव्हा ऑपरेशनआधीच नीट समजून घ्यावं. डोळ्यासह खोबणीतलं सगळं काढायची वेळ येते ती रोग खोबणीत उतरल्यावर. ऑपरेशन झेपणार नसेल तर रेडिएशन आहे. खूप पुढे गेलेल्या बेसल सेलसाठी २०१२ पासून व्हिस्मोडेजिब नावाची गोळी उपलब्ध झाली आहे. तेलग्रंथीच्या कॅन्सरवर मात्र अशी ठरलेली गोळी नाही.

## टाके निघाल्यावर

तेलग्रंथीच्या कॅन्सरने जुन्या अहवालांत पाचातला एकजण तरी दगावत असे. आता लवकर सापडलेल्या रुग्णांचं चित्र कितीतरी बरं आहे, पण तपासण्या काही वर्षं चालू ठेवाव्या लागतात. दर खेपेला डॉक्टर पापणी उलटवून बघतात आणि कानापुढे, जबड्याखाली, मानेत हात फिरवून गाठी चाचपतात. हे चाचपणं विसरलं तर आठवण करून द्यायला हरकत नाही.

आणि क्वचित या गाठीचा धागा घरातल्या इतरांपर्यंत जातो. १९६७ साली म्यूर आणि १९६८ साली टॉरे या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले ज्यांच्या कातडीवर तेलग्रंथीच्या गाठी होत्या आणि पोटातही कॅन्सर होते. पुढे कळलं की यातल्या बऱ्याच जणांत पेशीतल्या डीएनएची दुरुस्ती करणारी जनुकं जन्मतःच सदोष असतात. मोठ्या आतड्याचा आनुवंशिक कॅन्सर घडवणारी जनुकं हीच. पापणीच्या गाठीत हा संबंध अंगावरच्या इतर गाठींपेक्षा कमी वेळा सापडतो. तरी रुग्णाला किंवा जवळच्या नात्यात कुणाला तरुणपणी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर ते नेत्रतज्ज्ञाला आवर्जून सांगावं. काढलेल्या त्याच गाठीवर एक जादा चाचणी करता येते आणि तिच्यात दोष दिसला तर रुग्णाची जनुकं तपासतात. जन्मजात दोष पक्का झाला, तर भावंडांना आणि मुलांनाही ती तपासणी सुचवली जाते, आणि ज्यांच्यात दोष सापडतो त्यांना कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी.